डावी काच

केदार, हसू नकोस. आणि नैना, तू मगाशी विचारलंस ना, गुरुवारी भर दुपारी ही रुही ऑफिस सोडून बॉथेलला आपल्यासोबत मिसळ कशी काय खातेय, तेच सांगतेय. मध्ये बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटेल.

माझं काम तुम्हाला माहितीये. केस्टर सिटीच्या पालिकेत, रेकॉर्ड्स विभागात. पोलिसांच्या छातीवर कॅमेरे असतात, त्यांचे व्हिडिओ पब्लिकला द्यायच्या आधी मी चेहरे ब्लर करते. रस्त्यावरच्या लोकांचे झाकायचे, ड्युटीवरच्या पोलिसाचा झाकायचा नाही. सहा नंबरचा नियम.

सोमवारी माझ्या बॉसने, मार्लीनने, एक फाइल दिली. बुधवारच्या काउन्सिल मीटिंगमध्ये दाखवायची होती, कारण नवीन पोलीस चीफला, हॅलोरनला, कायम करायचं की नाही ते तिथेच ठरणार होतं. व्हिडिओ कुणाचा, तर ऑटिस म्हणून एक माणूस आहे, अठ्ठावन्न वर्षांचा, शाळेत साफसफाई करतो. बस स्टॉपवर उभा होता. कुणीतरी पोलिसांना फोन केला, म्हणे हातोडा घेऊन माणूस उभाय. हातोडा कसला, स्टीलची पाण्याची बाटली होती. चीफ टीव्हीवर सांगतोय, आमच्या ऑफिसरने आधी तीनदा बजावलं, त्याने ऐकलं नाही, उलट हात उगारला. आता ऑटिस हॉस्पिटलमध्ये, जबडा तारेने बांधलेला, आणि वर केसही त्याच्यावरच. पोलिसावर हल्ला. शिक्षा झाली तर पाच वर्षं आत.

तर मी व्हिडिओ लावला. या कॅमेऱ्यांचं असं असतं, बटण दाबलं की त्याच्या आधीचं अर्धं मिनिटही सेव्ह होतं, पण त्या अर्ध्या मिनिटाला आवाज नसतो. म्हणजे सुरुवात मुकी. ऑफिसर गाडीतून उतरतो, सरळ चालत जातो, दांडा काढतो आणि पहिला फटका मनगटावर. बाटली उडून गटारात. मनगट नको तिथे वाकतं. दुसरा कानाखाली. तिसरा तोंडावर, आणि यार, दात स्टॉपच्या काचेवर आपटून खाली पडले. मग आवाज सुरू होतो. पहिला शब्द काय ऐकू येतो, तर 'खाली टाक'. हातात काहीच नाहीये त्याच्या. चौथा. पाचवा. तो गुडघ्यांवर, मग आडवा, तरी चालूच. सहावा, सातवा. ओला आवाज येतो, कणकेवर बुक्की मारल्यासारखा.

"रुही, मी जेवतोय," केदार म्हणाला.

जेव की. मला तर हे एकदा बघून भागत नाही. एका सेकंदात तीस फ्रेम. सॉफ्टवेअर चेहरा शोधतं आणि आपणहून त्यावर ब्लरची चौकट लावतं. पाचव्या फटक्यानंतर चौकट गायब. का माहितीये? सॉफ्टवेअरला तो चेहरा वाटेना. मग मी हाताने लावल्या, दोनशे अकरा चौकटी, प्रत्येक फ्रेममध्ये डोळा कुठे होता ते शोधत.

आणि ते करताना दिसलं की सॉफ्टवेअरने आणखी एक चेहरा झाकलाय. स्टॉपच्या डाव्या काचेत. चौकट काढून बघितलं, तर ऑफिसरचं प्रतिबिंब. ओठ मिटलेले. गाडीतून उतरल्यापासून मिटलेले. पहिला फटका, मिटलेले. दुसरा, तिसरा, तरी मिटलेले. उघडतात ते थेट चौथ्याला. कुणी कुणाला बजावलंच नव्हतं.

मार्लीनला दाखवलं. ती म्हणाली, "मशीनने झाकलंय ना? राहू दे."

"पण तो ऑफिसर आहे. सहा नंबरचा नियम."

"रुही, झाकल्याबद्दल आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही."

मी चौकट काढली आणि फाइल पाठवली. धाडस वगैरे नाही, नियमच होता. वाटलं, आता लोक बघतील, माझं काम झालं.

बुधवारी मी मागच्या रांगेत. पुढे ऑटिसची बायको. व्हिडिओ लागला आणि अख्खा हॉल त्या दांड्याकडे बघतोय. एक बाई बाहेर जाऊन ओकली. काचेकडे कुणी बघितलंच नाही. चीफ माइकवर येऊन शांतपणे म्हणाला, बघायला त्रास होतो, मान्य, पण तिन्ही वेळा बजावलं ते आवाज नसलेल्या भागात. आणि काउन्सिलवाले माना डोलावतायत.

मग पब्लिकला बोलायला दोन-दोन मिनिटं देतात. आपलं नाव, गाव सांगायचं आणि बोलायचं.

"तू बोललीस?" नैना म्हणाली. "मराठी शाळेच्या गॅदरिंगला तू पहिल्याच ओळीला रडली होतीस."

इथेही आवाज फाटलाच. म्हटलं, मी रुही, बॉथेलची, हा व्हिडिओ मी ब्लर केलाय. परत लावा, आणि ऑटिसकडे बघू नका, डाव्या काचेत बघा.

लावला. ऑटिसची बायको उभी राहिली आणि मोठ्याने फटके मोजायला लागली. एक. दोन. तीन. काचेतलं तोंड बंद. चार म्हणाली तेव्हा ते उघडलं. सगळ्या हॉलने बघितलं. चीफने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मतदान पुढे ढकललं. आज सकाळी मी ऑफिसला गेले तर माझं कार्ड चालेना. मार्लीन स्वतः खाली आली, माझा मग आणि स्वेटर एका खोक्यात घालून. दार धरून ठेवलं माझ्यासाठी. अकरा वाजता ऑटिसच्या बायकोचा फोन आला. ऑटिसवरची केस मागे घेतली.

"अरे मग भारी ना," केदार म्हणाला आणि दिलखुलास हसला.

केदार, प्लीज. हसू नकोस म्हटलं ते काही रागाने नाही. तू हसलास की मला तुझे दात दिसतात.