सेतुमाधवचं रविवारचं ऐकणं

‘तिसरं तर विचारूंच नको रे. डोळ्यांत पाणी आलें.’

फोनवर आलेलं सेतुमाधवचं हे उत्तर वाचून मानाजीच्या डोक्यात तिडीक उठली. जुन्या कॅसेटवरचं नागस्वर, म्हणजे दक्षिणेतली लांब सनई, फोनमध्ये उतरवून घेताना वायर नीट बसली नव्हती. सोबत रागांची यादी लिहून पाठवली होती, पण फाइल चाळीस मिनिटं मुकीच होती. चूक आज सकाळी कळली म्हणून माफी मागायला फोन उचलला, तर हे उत्तर!

मैलापूरच्या विमा कचेरीत दोघं एकतीस वर्षं समोरासमोर बसले. तेव्हापासूनचा रिवाज असा: मानाजीने सापडलेलं काही नवं संगीत द्यायचं, आधी कॅसेट, मग सीडी, आता फोनवर. सेतुमाधवने ते रविवारी एका बैठकीत, मधे न उठता ऐकायचं आणि काय आवडलं ते कळवायचं. मानाजीची बायको गेली होती. मुलगी सौम्या ‘मग ऐकते’ म्हणायची आणि ऐकायची नाही. एवढ्या चेन्नईत त्याचं ऐकणारा माणूस हा एकच, आणि तोही थापा मारणारा निघाला? किती वर्षं? तो तावातावाने वेलचेरीला सेतुमाधवच्या घरी गेला.

दार सुनेने, संयुक्ताने उघडलं.

“या मामा, बसा. कॉफी आणतें.”

“कॉफी राहूं दे. अप्पा कुठें? त्याला एक विचारायचं आहे मजला.”

ती घुटमळली. “विचारून काय उपेग, मामा? त्यांना ऐकूंच येत नाही. गेल्या आषाढांत, आडी महिन्यांत, ताप आला, दोन्ही कान गेले. मशीन लावून पाहिलें, काही झालें नाही. तुम्हाला सांगूं नको म्हणून शपथ घातली.”

“अय्यो! का म्हणून?”

“म्हणाले, मानाजीला कळलें तर पाठवायचं सोडेल. मग तो कोणाला पाठवील?” तिने डोळे पुसले. “पण दर रविवारी कानाला लावून पुरा वेळ बसतात हो. पान वाढलें तरी उठत नाहीत.”

मानाजीला स्वतःची विलक्षण लाज वाटली. तो चपला काढून बाल्कनीकडे वळला.

बाल्कनीत बसलेल्या सेतुमाधवने त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “ये रे, ये!” तो गरजेपेक्षा फार मोठ्याने म्हणाला. “तुझं नागस्वर दोघं मिळून परत ऐकूं!” उत्तराची वाट न पाहता त्याने इयरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, दुसरं मानाजीच्या, आणि फोनवर बोट ठेवलं.

काहीच वाजलं नाही. खाली शेअर ऑटोवाले ओरडत होते. सेतुमाधव डोळे मिटून डोलू लागला. मग त्याने हळूच एक डोळा उघडून मानाजीकडे पाहिलं. आपण पकडले तर गेलो नाही ना, अशी भीती त्या डोळ्यात होती.

मानाजीने मांडीवर थाप मारली. मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. गाण्याच्या सभेत श्रोते धरतात तसा आठ मात्रांचा आदिताल, पण संथ, सेतुमाधवला स्वच्छ दिसेल असा. सेतुमाधव त्या हाताकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याचाही हात मांडीवर पडू लागला. मानाजीने मधेच ताल बदलला. सेतुमाधवचा हात चुकला, थांबला, मग मिळाला.

“भले!” सेतुमाधव ओरडला.

मानाजीने मान डोलावली, आणि रडू येऊ नये म्हणून लय जरा वाढवली.