वर्गात होतीस की

"चौथीतल्या पोरांना हे ज्ञान हवंय कशाला? आम्हाला कुणी शिकवलं होतं? सगळं वेळेवर कळलंच ना!"

हार्डवेअरच्या दुकानाचे मालक तावातावाने बोलत होते. मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले पालक माना डोलवत होते.

फळ्याजवळच्या खुर्चीत सिस्टरबाई निवांत बसल्या होत्या. प्रसूतिगृहातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गावाच्या तोंडी त्या सिस्टरबाईच होत्या. शरीर कसं वाढतं, मूल कसं होतं, कुणाचा स्पर्श नकोसा वाटला तर कुणाला सांगायचं, हे मुलांना समजावायला शाळेने त्यांना बोलावलं होतं. त्यांची स्वतःची नात त्याच वर्गात होती. फक्त आधी पालकांचा होकार हवा होता.

"वेळेवर कळलं म्हणता?" सिस्टरबाई म्हणाल्या. "बायकोला कळा सुरू झाल्यावर मला व्हरांड्यात गाठून 'बाळ नेमकं येणार कुठून?' असं विचारणारे गृहस्थ कोण हो?"

हास्याचा स्फोट झाला. हार्डवेअरवाले कपाळ पुसत खाली बसले, आणि सगळ्यांआधी हात वर केला तो त्यांच्याच बायकोने. मग एकेक करत हात वर गेले. सिस्टरबाईंना याची खात्रीच होती. माणसांना हसवलं की अर्धी लाज पळते, हा त्यांचा जन्माचा अनुभव.

शेवटच्या बाकावरचा एक हात मात्र खालीच राहिला. त्यांच्या लेकीचा.

"माझी संमती नाही," लेक उभी राहून शांतपणे म्हणाली. "निदान आज तरी नाही."

घराकडे चालताना सिस्टरबाईंनी कोपऱ्यापर्यंतही दम धरला नाही.

"चारचौघांत नाक कापलंस माझं! परक्यांनी हात वर केले आणि पोटच्या पोरीला लाज वाटली?"

"लाज नाही गं वाटली. मी बसलेय तुझ्या वर्गात. आठवतं?"

आठवत होतं. लेक चौथीत असताना त्या तिच्याच शाळेत पांढऱ्या गणवेशात गेल्या होत्या, तक्ता घेऊन. फार रंगला होता तो तास.

"सगळ्या पोरी तुला प्रश्न विचारत होत्या," लेक म्हणाली. "मलाही विचारायचा होता. पण तुला सिस्टर म्हणू की आई, तेच कळेना. म्हटलं, घरी विचारू. घरी विचारायला आले, तर तू काय म्हणालीस?"

"काय म्हणाले?"

"'वर्गात होतीस की.' आणि कूस बदललीस. दमली असशील, आता कळतं मला."

सिस्टरबाईंची चाल मंदावली. "प्रश्न काय होता?"

"दर महिन्याला रक्त गेलं तर माणूस संपत कसा नाही. मैत्रिणीची ताई म्हणाली, संपतोच, हळूहळू. पुढे पाळी आल्यावर वर्षभर मी आरशात रोज तोंड बघायचे, पांढरं पडतंय का."

समोरून सायकलवाला घंटी वाजवत गेला. दोघी बाजूला झाल्या.

"म्हणून तिला पाठवणार नाहीस?"

"पाठवणार की. पण पहिल्यांदा ती माझ्या तोंडून ऐकेल. आजच सांगते. आणि तू मध्ये बोलायचं नाहीस."

"जमेल तुला?"

"अडखळेन. अडखळू दे."

संध्याकाळी स्वयंपाकघरात लेक आणि नात मटार सोलायला बसल्या. बाहेरच्या खोलीत सिस्टरबाईंनी वर्तमानपत्र उघडलं, पण डोळे एकाच ओळीवर फिरत राहिले.

"पोटात ना, एक पिशवी असते..."

"जेवण जातं ती?"

"ती नाही, दुसरी. शेजारची."

"मग आई चहा प्यायली की बाळावर सांडतो?"

दोघी खिदळल्या. सिस्टरबाईंनाही हसू आलं. पण पुढे बीज कुठे तयार होतं ते सांगताना लेकीने चक्क चूक केली. इतकी ढोबळ, की सिस्टरबाई उठल्याच. दार ढकलायला त्यांनी हात उचलला.

फटीतून दोघी दिसत होत्या. लेकीचे कान लालबुंद झाले होते, तरी ती बोलत होती. नात हातातली शेंग विसरून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"आजीला माहितीये हे?"

"आजीला सगळं माहितीये."

"बोलावू तिला?"

लेकीने नवी शेंग उचलली. "नंतर बोलाव. आधी मला विचार."

आणि नात विचारू लागली, ते थांबेचना.

सिस्टरबाईंनी हात खाली घेतला. आवाज न करता चपला घातल्या, बाहेरचं दार अलगद ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या.

वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशव्या घेऊन धापा टाकत आली. "अगंबाई, सिस्टरबाई! इथे का? किल्ली विसरलात?"

"नाही हो. लेक बोलतेय आत," त्या म्हणाल्या, आणि तिला वर जाता यावं म्हणून भिंतीकडे सरकून बसल्या.