दोन्ही हातांनी ओढलेला हँडब्रेक

मी जोतीराम आबांच्या जुन्या फियाटचा हँडब्रेक बोलतोय. कालपासून माझा थरकाप थांबलेला नाही, तेव्हा बोलणं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

जन्म माझा कारखान्यातला, पण माणसं पाहिली ती उजनीच्या पाण्याकाठी. केळीच्या बागेत गाडी थांबली की आबा मला असे कचकन ओढत, की माझे दात वाजत. माणसांचं मला नवल वाटतं. गाडी पळाली की कौतुक इंजिनाचं. ती जागेवर उभी राहिली तर माझं कुणी नाव काढत नाही. घसरली, की मात्र पहिली आठवण माझी!

आणि एकदा ती घसरली. अंकिता, आबांची लेक, तेव्हा सात वर्षांची होती. गॅरेजमधून गाडी आणून आठच दिवस झाले होते. पाण्याकडच्या उतारावर आबांनी मला ओढलं, खाली उतरले आणि गाडीच्या पुढ्यातच बसून पाणी उपसायच्या मोटारीचा पाइप जोडू लागले. माझ्याखाली काहीतरी कट्कन तुटलं. गाडी हलली. गाडीत बसलेल्या पोरीनं समोर बापाची पाठ पाहिली आणि दोन्ही हातांनी मला आणखी वर ओढलं. मी वर आलो, पण चाकं काही धरली गेली नाहीत. आबांच्या उजव्या पायावरून चाक गेलं.

लोक धावले तेव्हा तिचे हात माझ्यावरच होते. "पोरीनं बिरेक सोडला की!" कुणीतरी ओरडलं. झालं, तेच सगळ्यांनी धरून ठेवलं, आबांनीसुद्धा. "मी ओढला होता," असं ती आठ-दहा दिवस सांगत राहिली, मग गप्प झाली. गाडी शेडमध्ये गेली ती तीस वर्षं. आबा तिला कधी रागावले नाहीत. पण साध्या मोटरसायकलची किल्लीही त्यांनी तिच्या हाती दिली नाही. मला वाटायचं, माझाच एखादा झिजलेला दात तुटला असेल. माझं खालचं टोक गाडीच्या पोटात, ते मला कुठं दिसतंय?

आता अंकिता सोलापुरात नोकरी करते. गाडी पुन्हा उभी करायचं तिनंच मनावर घेतलं आणि श्रीशैल मिस्त्रींना गावी आणलं. पूर्वी गाडीचं काम त्यांच्याकडंच असायचं. काल त्यांनी मला खोलून पोत्यावर मांडलं. शेजारी चाकांच्या ब्रेकपर्यंत जाणारी माझी वायर, आणि आम्हा दोघांना जोडणारी जाड पिन, खोलताना एका बाजूनं निसटलेली सापडली ती. ती निसटू नये म्हणून तिच्या भोकात बारीक स्प्लिट पिन घालतात. मिस्त्रींनी भोक पुसलं आणि त्यांचा हात थांबला. आत अर्धवट तुटलेला, गंजलेला खिळा होता. कॅलेंडर अडकवायला भिंतीत मारतात तसला!

मी हादरलोच. तीस वर्षं स्वतःला बोल लावला, तो एवढ्याशा खिळ्यापायी?

मिस्त्रींनी ती पिन उचलून धरली. "आबा, हिकडं या. ह्यो खिळा माजा हाय. तवा पिन संपली हुती. आज खिळ्यावर भागवू, उद्या बदलू म्हणलं, आन इसरलो. पोरीनं न्हाय सोडला. माज्यामुळं सुटला."

आबांनी पिन हातात घेऊन त्या खिळ्यावरून अंगठा फिरवला. मग लेकीकडं न बघताच म्हणाले, "तू सांगत हुतीस की गं."

"व्हय, आबा."

आज नवी स्प्लिट पिन घालून मला जोडलं. गाडी त्याच उतारावर आणली. अंकितानं मला ओढलं. मिस्त्री चाकाला दगड लावायला वाकले, तर आबांनी तो दगड हिसकून पाण्यात भिरकावला. लंगडत गाडीच्या पुढं गेले आणि आमच्याकडं पाठ करून उतारावर बसले.

"सोड पायाचा बिरेक," ते म्हणाले.

अंकितानं पाय उचलला. माझी वायर ताणली. गाडी हलली नाही.

आबा तसेच बसून आहेत. पोरीचे दोन्ही हात घामानं भिजलेत आणि माझ्यावर गच्च आवळलेत, सात वर्षांची असताना होते तसेच.

अंकिता, हात सोड आता. मी धरलंय.