सुभेदारांची कादंबरीपूर्व तयारी

कोरेगावचे निवृत्त सुभेदार लालासाहेब फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून आलेले. कुठलीही वस्तू ठोकून-बजावून पाहिल्याशिवाय ताब्यात घ्यायची नाही, हा त्यांचा खाक्या. कादंबरी लिहायची ठरवली, तेव्हाही त्यांनी आधी कादंबरीची आखणी करणारं सॉफ्टवेअर पारखायला घेतलं. त्याला आता तीन वर्षं झाली होती. लिहून एक ओळ झाली नव्हती, पण तयारी मात्र जय्यत होती.

पहिल्या सॉफ्टवेअरात प्रकरणांची कार्डं होती, पण रंग चारच. दुसऱ्यात रंग भरपूर, पण वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसत. तिसऱ्यातला पात्रांचा तक्ता त्यांना मनापासून आवडला. त्यांनी नायकाची उंची, छाती न फुगवता आणि फुगवून, रक्तगट, ओळखीची खूण, सगळं भरलं. नायिकेचंही तसंच भरायला लागले, तेव्हा बायको रंगूबाईनं लॅपटॉपच मिटला.

"आवं, कादंबरी हाय का भरती?"

नायक म्हणजे त्यांच्याच पलटणीतला दोस्त ज्योतिबा, सीमेवर कामी आलेला. त्याची आई धोंडुबाई औंधच्या पलीकडं राहायची. पंच्याऐंशी वर्षांची, एकाच कानानं ऐकू यायचं. पोराची गोष्ट तो कान शाबूत आहे तोवर ऐकायची, एवढीच तिची इच्छा.

परवा ती स्वतःच एसटीनं आली. लालासाहेबांनी तिला चौथं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. पडद्यावर रंगीत रेघाच रेघा.

"ह्यात माझा ज्योतिबा कुठला?"

"ही पिवळी रेघ, मावशी."

तिनं रेघेवरून बोट फिरवत नेलं. एकोणिसाव्या प्रकरणाच्या चौकटीशी रेघ संपली. चौकट कोरी होती.

"हितं काय लिव्हलं न्हाईस?"

"ह्या सॉफ्टवेअरात तेवढी सोय न्हाई. दुसरं बघतोय."

सोय चारही सॉफ्टवेअरांत होती. लालासाहेबांना त्या चौकटीची भीती वाटत होती, आणि तीन वर्षं ते तिच्याच भोवती घिरट्या घालत होते.

"सोय ऱ्हाऊ दे," धोंडुबाई म्हणाली. "त्यानं शेवटाला पाणी मागितलं का, एवढं सांग."

लालासाहेबांनी पडद्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मागितलं, मावशी. माझी बाटली रिकामी हुती."

म्हातारीनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"तू जवळ हुतास न्हवं? तेवढं लिव्ह."