स्लॅबचं विरजण

त्या डब्यावर माझा पहिल्या दिवसापासून राग होता. जेवणाच्या डब्याएवढा त्याचा जीव, आणि आमच्या घराचा निकाल तो देणार!

माझी लेक निकिता असले डबे बनवणाऱ्या कंपनीत आहे. इंदिरानगरात आमचं घर बांधायला काढलं तेव्हा तिनं स्लॅबच्या चारही कोपऱ्यांत तारा पुरल्या आणि त्यांची टोकं जिन्याखालच्या डब्यात नेली. काँक्रीट किती उबदार राहिलं, यावरून ते किती मजबूत झालं याचा हिशोब डबा करतो. प्रत्येक कोपऱ्याचा एक दिवा. हिरवा लागला की खालचे टेकू काढायचे.

"आणि आई, हिशोब इथल्या इथे होतो," ती कौतुकानं सांगायची. "नेट गेलं तरी त्याचं अडत नाही. लांबच्या कुठल्या कॉम्प्युटरला विचारत बसत नाही तो."

म्हणजे कुणाचं ऐकणारा नाही, एवढं मला कळलं. अगदी तिच्यासारखाच.

माझं घोडं साखरपुड्यापाशी अडलं होतं. निकिताचं बारसं, वाढदिवस, दहावीचे पेढे, सगळं नाशिक रोडच्या सरकारी क्वार्टरमध्ये झालं. सासरी जाण्याआधी तिचं एक तरी कार्य आमच्या स्वतःच्या छपराखाली व्हावं, एवढाच माझा हट्ट. नामपूरच्या होणाऱ्या व्याहीणबाईंना, सुलाबाईंना, मी तसं बोलूनही बसले होते. आणि यंदा थंडी अशी, की निफाडकरांनीसुद्धा कानाला हात लावावा. चारही दिवे लालच्या लाल.

सेंट्रिंगवाले खलीलभाई म्हणाले, "भाभी, थंडीत स्लॅब सुस्त होतो. थोडा सबर करा."

सबर माझ्या पत्रिकेतच नाही. थंडीत दही लागत नाही तेव्हा मी काय करते? पातेलं शेगडीजवळ ठेवते. मग स्लॅबनंच काय घोडं मारलं? निकिता कामावर गेली, की मी निखाऱ्यांची शेगडी जिन्याजवळच्या कोपऱ्याखाली नेऊन ठेवायला लागले. ह्यांनी विचारलं तर चहाचं निमित्त होतंच. आणि काय सांगू, काही दिवसांत त्या कोपऱ्याचा दिवा हिरवा! मी लगेच सुलाबाईंना फोन लावला आणि आता पुढच्या कोपऱ्याचा नंबर, असं मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी खलीलभाई माणसं घेऊन त्या कोपऱ्याचे टेकू काढायला आले. हातोडा उचलणार, तोच निकिता म्हणाली, "थांबा. तीन कोपरे कुडकुडतायत आणि ह्या एकाला उन्हाळा कसा लागला?"

ती शोधायला लागली. सिमेंटच्या गोण्यांमागून माझी शेगडी निघाली, अजून कोमट.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"विरजण लावलं होतं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

निकिता हसता हसता वाळूच्या ढिगावर बसली. मग हसू आवरून म्हणाली, "आई, डबा खोटं बोलत नाही गं. पण त्याला कळतं ते त्या तारेपुरतंच. तू तारेजवळचं तेवढं तापवलंस, त्याला वाटलं सगळा कोपरा झाला. आज टेकू काढले असते तर?"

त्याच कोपऱ्याखाली खलीलभाईंची माणसं उभी होती. साखरपुडा गेला खड्ड्यात, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

खलीलभाईंनी हातोडा खाली ठेवला. "हा कोना आता माझ्या जुन्या हिशोबानं. दिवस भरल्याबिगर एक टेकू हलणार नाही."

"पण ऊब द्यायची, हे आईचं बरोबर होतं," निकिता म्हणाली. "फक्त सगळ्यांना सारखी द्यायला हवी." तिनं चारही बाजूंनी ताडपत्र्या बांधून वारा अडवला. रात्री वरूनही पांघरूण घातलं. शेगडीवर ह्यांचा पहारा बसला तो वेगळाच.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बाकीचे तीन दिवे हिरवे झाले. आमच्या इंजिनिअरनं स्वतः तपासून होकार दिला आणि खलीलभाईंनी तेवढे टेकू काढले.

साखरपुडा आमच्याच छपराखाली झाला! उरलेल्या कोपऱ्यातल्या टेकूंना मी झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. तरी सुलाबाईंची नजर नेमकी तिथेच गेली.

"हाई काय शे, बाई?"

थाप तोंडावर आली होती. पण समोर निकिता उभी होती, म्हणून खरं ते सांगून टाकलं. सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना.

"मंग, लागनं का दही?"

"अजून नाही," मी म्हणाले.

पुढे दिवस भरले. खलीलभाईंनी मला बाहेर उभं करून एकेक टेकू काढला. शेवटचाही निघाला. त्यांनी वर सगळं निरखून पाहिलं आणि मला हात केला. मी त्या कोपऱ्याखाली जाऊन उभी राहिले. डोक्यावर आमचं छप्पर होतं, आपल्या जिवावर उभं.

निकिताला फोन केला. तिनं पहिला प्रश्न सुलाबाईंचाच विचारला.

"लागलं गं," मी म्हणाले आणि मला रडूच आलं. लेक चार दिवसांनी लग्न होऊन नामपूरला जाणार, डबा तेवढा इथे राहणार. त्याच्यावर धूळ बसली होती, ती मी पदरानं पुसली.