तीन वर्षं राहून गेलेलं वाक्य

मित्रांनो, वरोरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांड्यांच्या मागे एका कुशीवर कललेली एक होडी तुम्हांला दिसेल. तिचा निळा रंग उडाला आहे आणि नाकाशी शेंदराचा एक फिका ठिपका उरला आहे. ती मी.

मला नारू आणि रघ्या या दोन भावांच्या बापाने बांधून घेतलं. साग वलसाडहून आला होता. सुतार दीड महिना इथेच वाळूत खपला. मी पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा नारू वीस वर्षांचा होता आणि रघ्या अकरा. रघ्या माझ्या काठावर गाल टेकून म्हणाला होता, "दादा, ही गरम लागते, जिवंत आहे." सगळे हसले. मला मात्र ते फार आवडलं.

मी पुष्कळ वर्षं मासळी आणली. नारळी पौर्णिमेला मला झेंडूच्या माळा घालत. नारूची बायको पुतळी मला ओवाळायची. म्हातारा गेल्यावर दोघे भाऊ माझ्यावर जाऊ लागले. नारू सुकाणूवर, रघ्या जाळ्यावर. पुढे रघ्याचं लग्न झालं, जिजा घरात आली, मग चिमी झाली. बारशाच्या दिवशी रघ्याने सगळ्या आळीला पापलेट वाटले होते.

मग माझ्या मागच्या बाजूला, दोन फळ्यांच्या सांध्यात, एक फट पडली.

फार मोठी नव्हती. सांध्यात कापसाची वात ठोकायची, वरून राळ लावायची, अर्ध्या दिवसाचं काम. पावसाळ्यात आम्हां होड्यांना वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. तेव्हा हातात दोन महिने असतात. नारू पहिल्या आठवड्यात हातोडी घेऊन आला. फटीत बोट घालून बघितलं आणि तसाच उभा राहिला. आतली फळी कुजलेली निघाली तर? तर सगळा मागचा भाग उघडावा लागेल. हातोडी घेऊन तो परत गेला.

"आज हवा ओली आहे," तो पुतळीला म्हणाला. "उद्या बघतो."

लोक म्हणतात, आळशी माणूस काम लांबवतो. नारू आळशी नव्हता. त्याच दिवसांत त्याने शेजाऱ्याचं घर शाकारून दिलं, दोन जाळी विणली. फक्त माझ्याजवळ यायचा नाही. आपल्याला जे सापडेल असं भय वाटतं, तिकडे पाय वळत नाहीत. आणि दर दिवशी ते काम मनात थोडं मोठं होतं.

नारळी पौर्णिमा आली. नारळ वाहिला. फट तशीच.

"दादा, पाणी येतंय," पहिल्याच फेरीला रघ्या म्हणाला.

"पुढच्या भांगेला, भरती मंदावली की, बुजवू. तेव्हा दोन दिवस घरीच आहोत."

"बुजव रे सावकाश. मी उपसतो ना." रघ्याने तेलाचा कापलेला डबा घेतला आणि हसत हसत पाणी उपसू लागला.

तो चार महिने उपसत होता. मित्रांनो, ते पाणी माझ्या अंगातून येत होतं. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

त्या सकाळी वारा फिरला. रघ्या मागच्या टोकाला वाकून डबा भरत होता, एक लाट आडवी आली आणि तो गेला. नारूने होडी वळवली, दोर टाकला, गळा फुटेपर्यंत हाका मारल्या. रघ्या दुसऱ्या दिवशी चिंचणीच्या बाजूला सापडला.

आदल्या संध्याकाळी आळीत एका लग्नाची हळद होती. किनाऱ्यावर कोणीतरी हळूच म्हणालं, "हळदीत होता ना? घेतली असेल थोडी." रघ्या दारूला शिवत नसे. हळदीतून लवकर घरी गेला होता, हे नारूला ठाऊक होतं. सगळ्यांनी नारूकडे पाहिलं. नारूने मान खाली घातली.

एवढंच झालं. त्याने खोटं एक अक्षर काढलं नाही. पण त्या खाली घातलेल्या मानेला सगळ्यांनी होकार समजलं.

त्यानंतर नारू मला घेऊन पाण्यात गेलाच नाही. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. मी इथेच पडले. संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसे, त्या फटीवर हात ठेवी आणि पुटपुटे, "उद्या सांगतो जिजाला. तेरावं होऊ दे." तेरावं झालं. मग वर्षश्राद्ध होऊ दे. मग चिमी जरा मोठी होऊ दे. फटीसारखंच हेही वाढत गेलं.

यंदा फाल्गुनात एका दुपारी चिमी शाळेतून आली. नऊ वर्षांची पोर. फ्रॉकची बाही फाटलेली, ओठ सुजलेला. नारू माझ्या सावलीत जाळं शिवत होता.

"काका, बाबा प्यायचे?"

नारूची सुई थांबली.

"वर्गातली मुलं म्हणतात, तुझा बाप पिऊन बुडाला. मी मारलं एकाला. तुम्ही होता ना बरोबर? सांगा ना."

"उद्या सांगतो, बाळा."

चिमी दप्तर ओढत निघून गेली.

पुतळी वलांडीवर बोंबील टाकत होती. हातातली टोपली ठेवून ती आली.

"उद्या काय सांगणार आहात?"

मग नारू बोलला. फट, डबा, लाट, सगळं. रडत रडत, तुटक. पुतळी खाली वाळूत बसली.

"जिजासमोर कसं बोलू सगळं?" नारू म्हणाला.

"सगळं नका बोलू. 'तो प्यायला नव्हता' एवढंच बोला. बाकीचं त्याच्या मागून येईल. पण आत्ता. मी बोलावते तिला."

जिजा हात पुसत आली. नारू उभा राहिला, माझा काठ धरून.

"जिजा, रघ्या प्यायला नव्हता."

आणि खरंच, बाकीचं मागून आलं.

जिजा ओरडली नाही. तिने फटीकडे पाहिलं, मग नारूकडे.

"भाऊजी, होडीला फट पडते. माणसाकडून काम राहतं. ते मी तेव्हाच माफ केलं असतं. रडले असते, शिव्या दिल्या असत्या, पण केलं असतं. पण तीन वर्षं मी मनात त्यांना कोसलं. पोरीला टाकून पिऊन गेला म्हणून. पहिल्या श्राद्धाला मी पान वाढलं नाही. ते आता मी कोणाला सांगू?"

दुसऱ्या सकाळी बोटी लागल्या, मासळीच्या लिलावाला माणसं जमली, तेव्हा नारूने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. शाळेत जाऊन बाईंनाही सांगितलं. आता चिमीला कोणी चिडवत नाही. रघ्याचं नाव धुऊन निघालं. पण जिजा नारूशी बोलत नाही. पाडव्याला पुतळीने पाठवलेलं ताट तिने झाकून परत पाठवलं. नारू रागावला नाही. ताट घेतलं आणि आत गेला.

माझा तळ आता कुजला आहे. येत्या पावसाआधी मला फोडतील. मला त्याचं दुःख नाही.

मित्रांनो, तुमचंही एखादं काम राहिलं असेल. अवघड वाटत असेल तर त्याचा एवढासा तुकडा उचला, पण आज उचला. आणि कोणी तुमच्या तोंडच्या एका वाक्याची वाट पाहत असेल, तर हे वाचणं इथेच सोडा आणि उठा. जिजाचं दार माझ्यापासून चाळीस पावलांवर आहे. नारूचं वाक्य तिथे पोचायला तीन वर्षं लागली, आणि पोचलं तेव्हा ते दार बंद झालं होतं.