चरबीबोटाचा आळ

मी एक जुना लोकरी हातमोजा आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर खोटा आळ आला.

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर बोरघिल्डनं मला मुद्दाम ऐसपैस विणलं आणि खाऱ्या पाण्यात तुडवून आटवलं. तेव्हा कुठे मी वारा अडवण्याइतका घट्ट झालो. तिचा नवरा टोरलाइफ सीलच्या शिकारीला समुद्रावर जाई. गोठलेल्या दोरांवर मी त्याचा उजवा हात सांभाळला. "असा मोजा दुकानात मिळायचा नाही," असं तो बोटीवर सगळ्यांना ऐकवी.

एका हिवाळ्यात त्याच्या मधल्या बोटाचं टोक सुजलं.

"चरबीबोट!" शेजारचा आइनार हसला. "या वयात सील सोलायला कुणी सांगितलं होतं रे?"

आमच्याकडे सील सोलणाऱ्याचं बोट सुजलं की पोरंसुद्धा हेच म्हणतात: सीलच्या अंगातले जंतू शिरले. डॉक्टरांनीही तेच मानून गोळ्या दिल्या. पण मी ते बोट आत धरून होतो. ते नाडीसारखं उडत होतं. गोळ्या संपल्या, सूज वाढतच गेली.

"मूत्रपिंडाचं सांगितलंस का त्यांना?" बोरघिल्डनं विचारलं.

"बोट दाखवायला गेलो होतो, पाठ नाही. मूत्रपिंड काढून वर्षं झाली. नसलेल्या वस्तूचं काय सांगायचं?"

"मग हा घाणेरडा मोजाच नडतोय." तिनं मला होडीच्या खोपटात भिरकावलं.

उन्हाळ्यात टोरलाइफ आइनारबरोबर तिथे आला. मधलं बोट नव्हतं.

"हाड आतून पोखरलं होतं," तो म्हणाला. "मूत्रपिंडाचाच तो जुना कॅन्सर निघाला. रक्तातून वाहत जाऊन बोटात बसला होता म्हणे. इतकी वर्षं गप्प."

"बोट गेलं, सुटलास ना?"

"फुफ्फुसातही आहे."

"चल, कॉफी घेऊ," आइनार म्हणाला.

पुढचा हिवाळा टोरलाइफनं पाहिला नाही. माझी माफी कुणी मागितली नाही. मोज्याची कोण मागतो?

मित्रांनो, मोजे खुशाल फेका. पण अंगावर कुठेही नवं दुखणं उगवलं, तर जुना आजार डॉक्टरांना आधी सांगा. कदाचित टोरलाइफचा कॅन्सर लवकर कळला असता, कदाचित नसताही. डॉक्टरांनी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. मला बोलता येत नव्हतं. टोरलाइफला येत होतं.